घरीच असते

आज सकाळी सर्व्हेवाले सर आले होते. गळ्यात आयकार्ड, हातात टॅब. मला आधी वाटलं मीटरचं रीडिंग घ्यायला आलेत, पण म्हणाले कामधंद्याची पाहणी आहे, केंद्र सरकारची, आणि पाहणीत आपलं घर निवडलं गेलंय. आईने खुर्ची दिली, चहा टाकायला सांगितला, आणि मी गिरणीतून तशीच उठून आले, हाताला ज्वारीचं पीठ लागलेलं.

पप्पांचं झालं, दादाचं झालं, मग मला विचारलं ताई तुम्ही काय करता. मी नेहमीचंच सांगितलं, बीकॉम झालंय, सध्या काही नाही, जॉब बघतेय. ते म्हणाले मग गिरणीत कोण बसतं? म्हटलं मीच बसते, सकाळी ९ ते २, पप्पा आणि दादा शेतात जातात ना. पगार? घरचीच गिरणी सर, पगार कसला. त्यांनी टॅबवर टिक केलं आणि मी विचारलं म्हणून नीट समजावून पण सांगितलं, की तुम्ही घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतनीस, कोड २१, म्हणजे तुम्ही रोजगारात येता. मागच्या सात दिवसात एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल तरी आठवड्याच्या हिशोबात माणूस कामावर धरतात म्हणे.

तीन वर्षं झाली रेझ्युमे पाठवतेय. बार्शी, सोलापूर, पुणे. मी बेरोजगार आहे हे मला तोंडपाठ आहे आणि आज कळलं की मी नाही.

दुपारी लाईट गेली, गिरणी बंद, म्हणून तिथंच पोत्यावर बसून मोबाईलवर याच पाहणीचे देशाचे आकडे शोधत बसले. २०१७-१८ ला १५ ते २९ वयात बेरोजगारी १७.८ टक्के होती, २०२३-२४ ला १०.२. आणि १५ वर्षांवरच्या बायका, ज्या काम करतात किंवा शोधतात, त्या २३.३ टक्क्यांवरून ४१.७ वर गेल्या. एवढी वाढ, सहा वर्षात! आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही, पण ही वाढ जास्त करून खेड्यातल्या बायकांची आहे आणि त्यातल्या बऱ्याचजणी घरच्याच शेतात, घरच्याच दुकानात राबणाऱ्या आहेत. आम्ही आधी पण राबतच होतो की. माझ्या हातात महिन्याच्या शेवटी काही येत नाही, मोबाईलचा रिचार्ज पप्पांकडे मागावा लागतो, मग ती टक्केवारी वाढली तर मला आनंद कसा होणार सांगा.

बारक्या भावाचं नाव तर लिहिलंच नाही. भरतीच्या परीक्षांसाठी पुण्यात असतो ना चार वर्षं, कॉट बेसिसवर, अभ्यासिका आणि मेस एवढंच त्याचं जग. सर म्हणाले सहा महिन्यांच्या वर बाहेर आहेत तर ते तिकडे मोजले जातील, कुणी त्यांच्या रूमवर गेलं तर. २०२४ ला पोलीस भरतीला पण पळाला तो, पावसात, राज्यभरात १७,४७१ जागा आणि १७ लाखाच्या वर अर्ज, म्हणजे एका जागेमागे शंभर पोरं. नाही झालं. पप्पा दर महिन्याला पैसे पाठवतात आणि गावात कुणी विचारलं तर सांगतात "तयारी करतोय". त्या शब्दाला मान आहे. पोरगं तयारी करतं.

आणि वहिनी. तिचं विचारलं तेव्हा ती आत चहा गाळत होती आणि आईच बोलली, "ती घरीच असते." झालं. कोड ९२, घरकाम. बेरोजगारसुद्धा नाही, कारण काम शोधत नाही, म्हणजे त्या हिशोबातच नाही. एमए बीएड आहे माझी वहिनी! लग्नाआधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झालीय. लग्न झाल्यावर एका शाळेत तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, वर्षभर शिकवलं, ते पण आलं कितीतरी महिन्यांनी, मग एका संस्थेत इंटरव्ह्यूला गेली तर कायम करायचे किती देणार हे आधी विचारलं. त्यानंतर छोटी झाली आणि विषयच बंद पडला. कुणी बंद केला असं नाही, आईने नाही, दादाने नाही, पण चालू ठेव असं पण कुणी म्हणालं नाही, मी पण नाही, आणि तेच मला आज दिवसभर टोचतंय.

आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, भारतावरच्या २०२४ च्या अहवालात आहे, २०२२ मध्ये ना शिक्षणात, ना कामात, ना ट्रेनिंगमध्ये असलेल्या तरुणांचं प्रमाण पोरांमध्ये ९.८ टक्के आणि पोरींमध्ये ४८.४. जवळजवळ निम्म्या. त्या निम्म्यात किती एमए बीएड असतील, किती जणींचं उत्तर दुसऱ्या कुणी बाहेरच्या खोलीतून दिलं असेल.

रात्री भांडी आवरताना वहिनीला म्हटलं, तुझी टीईटी अजून चालते माहितेय का, आधी सात वर्षांची मुदत होती ती २०२१ ला काढून टाकली, आयुष्यभर चालते आता. ती काहीच बोलली नाही. हात पुसले, कपाट उघडलं, साड्यांच्या खालून फाईल काढली. प्लास्टिकला पिवळेपणा आलेला. सगळ्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. दोघी खाली बसून बघत होतो, नावासाठी राजपत्रात नावबदल छापावा लागेल का लग्नाचा दाखला चालेल, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलला आधी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, तिचा फॉर्म कधी सुटतो, छोटीला तेवढा वेळ कोण बघणार. मी म्हटलं मी बघते, गिरणीत घेऊन बसते.

मग तिने विचारलं ते सर परत येणारेत का. म्हटलं हो, अजून तीन महिने येणार, दर महिन्याला, मागच्या सात दिवसात काय केलं ते विचारायला.

"मग तेव्हा चहा तू टाक," म्हणाली, "मी बाहेर बसते."