कुलर गार हवा देत नाही? आधी खिडकी आणि गवत बघा

होळी झाली की आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात कुलर बाहेर काढायला हवा, पण बरेच जण आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) थांबतात आणि तोवर पारा ४३-४४ वर, मिस्त्री फोन उचलत नाही आणि कुलरच्या जाळीत भरायच्या गवताचे भाव वाढलेले. मार्चमध्येच उरकून घ्या हो.

दरवर्षी कोणी ना कोणी म्हणतंच, "ताई, कुलर गारच करत नाही, आता एसीच घ्यावा लागेल." मी आधी विचारते, समोरची खिडकी उघडी असते का? कारण कुलर पाण्याची वाफ करूनच हवा गार करतो, ती दमट हवा बाहेर जायला वाट नसली की तासाभरात खोली चिपचिपी होते. कुलर खिडकीत बाहेरून बसवा आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा. आपली एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की नीट चाललेला कुलर दहा-पंधरा डिग्रीचा फरक आरामात पाडतो, आणि वीज लागते साधारण २०० वॅट. दीड टनाचा एसी १५०० च्या आसपास खातो. खान्देशात कुलरसारखी सोय नाही असं माझं ठाम मत आहे.

मग गवत. पंप दहा मिनिटं चालवा, कुलर बंद करून प्लग काढा आणि गवतावरून हात फिरवा. जिथे कोरडं लागेल तिथूनच गरम हवा सरळ आत येते. आमच्याकडे बोअरचं पाणी एवढं जड की एका सीझनमध्ये गवत पांढरं, कडक होतं, दाबलं की चुरा पडतो, ते बदलायचंच. वरच्या पन्हळीची भोकंपण क्षाराने बुजतात, बारीक तारेने मोकळी करा. आणि टाकीत रोज नुसती भर घालू नका, पाणी उडून जातं पण क्षार खालीच राहतो, म्हणून ते पाणी दिवसेंदिवस अजून जड होत जातं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा ब्रशने घासा, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात.

एक गोष्ट हात जोडून सांगते. पत्र्याच्या कुलरला अर्थिंग नसेल तर तो लावूच नका, आणि प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका. ओली फरशी, अनवाणी पोरं, यात जीव जातो.

एसी असेल तर फिल्टर दोन आठवड्यांनी धुवा, आपल्याकडे धूळ फार. एसीची क्षमता बाहेर ३५ डिग्री धरून मोजतात, आपल्याकडे ४५ असतं, त्यामुळे बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात असेल तर वर सावली करा, फक्त हवा अडवू नका. २४ वर ठेवून पंखा लावला तरी पुरतं.

थंडीत गिझरलाही हाच क्षार नडतो. पाणी तापायला वेळ लागायला लागला की कॉईल साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का तेही मिस्त्रीला बघायला सांगा, तो झिजला की गंज टाकीलाच खातो.

जूनमध्ये पाऊस लागला की कुलरचा उपयोग संपतो. तेव्हा पंप काढून पुसून ठेवा, टाकी उन्हात खडखडीत वाळवा, लोखंडी असेल तर आतून डांबराचा हात मारा आणि मगच झाका.