आमची वाटचाल : काउंटरपासून मागच्या खोलीपर्यंत

किराणा आणि शीतपेयांच्या दुकानात मोठी तक्रार क्वचितच येते. येतात त्या बारीक कुरबुरी. रॅकवर एक दर आणि बिलात दुसरा, बाटली कोमट, पाकिटाची मुदत परवाच संपणारी, हवी ती वस्तू नेमकी संपलेली. गिऱ्हाईक भांडत नाही, पुढच्या वेळी दुसरीकडे जातं. आमच्या दुकानाची वाटचाल म्हणजे या कुरबुरींचं मूळ शोधत काउंटरवरून मागच्या खोलीत जाणं. बहुतेकींचं मूळ तिथल्या कामाच्या क्रमात असतं.

पहिलं काम बिलाचं. रॅकवरची चिठ्ठी आणि संगणकातला दर दोन वेगवेगळ्या वेळी बदलले की घोळ होतो. आता दर बदलायचा तो दुकान उघडण्याआधी, आणि क्रमही ठरलेला आहे. दर वाढणार असेल तर आधी चिठ्ठी, मग संगणक. उतरणार असेल तर आधी संगणक, मग चिठ्ठी. मधल्या वेळात फरक राहिलाच, तर तो गिऱ्हाइकाच्या फायद्याचा राहतो.

रांग अडते ती बहुधा बारकोडपाशी. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर दव धरतं आणि रेघा वाचल्या जात नाहीत, म्हणून काउंटरवर कोरडं फडकं हवंच. चुरगळलेलं पाकीट तळहातावर ताणून धरावं. सहा बाटल्यांच्या पारदर्शक वेष्टनातून आतल्या सुट्या बाटलीचा बारकोड दिसतो आणि स्कॅनर तोच वाचतो. मग सहाऐवजी एकाच बाटलीचं बिल होतं, म्हणून माल आत घेतानाच त्या आतल्या बारकोडवर कोरी पट्टी चिकटवतो. आकडे हाताने टाकायची वेळ आली तर घाबरायचं कारण नाही. 13 आकड्यांपैकी शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्र तो क्रमांक घेतच नाही.

सर्वांत जास्त मेहनत शीतपेयांच्या फ्रिजवर गेली आणि ती सार्थ होती. बाटली कोमट लागली की दोष फ्रिजला दिला जातो, पण दोष बहुतेक वेळा भरण्याचा असतो. गर्दीच्या वेळी गरम बाटल्या आत गेल्या की आधीच्या थंड बाटल्याही तापतात, शिवाय दार सतत उघडं. म्हणून फ्रिज रात्री दुकान बंद करताना भरायचा. दिवसा भरावा लागलाच तर नव्या बाटल्या मागे, थंड पुढे. बाटल्या मागच्या भिंतीला किंवा पंख्याच्या जाळीला टेकवू नयेत. दोन-तीन बोटं जागा सोडली नाही तर थंड हवा फिरत नाही आणि वरचा कप्पा गार, खालचा कोमट असा प्रकार होतो.

महिन्यातून एकदा वीज बंद करून कंडेन्सरच्या, म्हणजे फ्रिजमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढावी. धूळ साचली की यंत्र अखंड चालतं, तरी गारवा येत नाही. दाराच्या रबराची परीक्षा सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं. पट्टी सहज सरकली तर रबर ढिलं पडलं आहे. थर्मामीटर हवेत टांगू नये, पाण्याच्या बाटलीत बुडवून आत ठेवावा. हवेचं तापमान दार उघडताच उडी मारतं, पेयाचं खरं तापमान बाटलीतलं पाणी सांगतं. 2 ते 5 अंश सेल्सिअस पुरेसं आहे. शून्याखाली गेलं तर बाटल्या फुटायची भीती, कारण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. बिनसाखरेची पेयं साखरेच्या पेयांच्या आधी गोठतात.

फसफसणाऱ्या पेयांची ‘गॅस नाही’ ही तक्रारही तापमानाशीच येऊन पोचते. 25 अंशांना पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या दुपटीहून जास्त शून्य अंशांना विरघळतो. गरम बाटली उघडली की फेस उसळतो आणि पेय मिळमिळीत होतं. प्लास्टिकच्या बाटलीतून वायू हळूहळू झिरपतो, आणि लहान बाटलीतून मोठीपेक्षा लवकर, कारण आतल्या पेयाच्या मानाने तिचा पृष्ठभाग जास्त. लहान बाटल्यांचा साठा म्हणूनच कमी ठेवावा आणि उन्हात तर मुळीच नाही. कुणाला ताबडतोब थंड बाटली हवी असेल तर बादलीत अर्धा बर्फ आणि अर्धं पाणी घ्यावं. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला जागोजागीच टेकतात, पाणी चहूबाजूंनी भिडतं. लहान बाटली वीसेक मिनिटांत गार होते.

मुदतीच्या बाबतीत ‘आधी आलेला माल आधी विकायचा’ हा नियम अपुरा पडतो. नंतर आलेल्या खोक्यावर कधी कधी आधीची तारीख असते. म्हणून तारीख वाचूनच माल लावायचा, जवळची तारीख पुढे. तरी गिऱ्हाईक मागे हात घालून ताजं पाकीट काढणारच. 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ‘पिगली विगली’ हे स्वतः माल उचलण्याचं दुकान उघडलं. ती पद्धत पुढे जगभर पसरली आणि निवड गिऱ्हाइकाच्या हातात गेली. त्याला अडवणं आम्हाला पटत नाही. सावकाश खपणारा माल रॅकवर एकाच ओळीत लावला की मागे हात घालायची गरजच उरत नाही. मुदत जवळ आलेली पाकिटं वेगळ्या ट्रेमध्ये, तारीख ठळक लिहून, उतरत्या दराने. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ ही चवीची मुदत, ‘या तारखेपर्यंतच वापरा’ ही सुरक्षिततेची. दुसरी उलटली की माल विकायचा नाही.

वजनकाट्याचं थोडक्यात: पंख्याच्या झोतात ठेवू नये, आणि रिकामं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणल्याशिवाय माल ओतू नये.

राहता राहिली ‘संपलंय’ ही कुरबुर. पुरवठादाराकडे किती माल मागवायचा, त्याचा हिशेब असा. रोज 8 नग खपतात, माल दर 3 दिवसांनी येतो आणि कधी 1 दिवस उशीर होतो. म्हणजे 8 गुणिले 4, 32. त्यात एका दिवसाची शिल्लक धरून 40, आणि त्यातून हातातला साठा वजा. पेटी 24 ची असेल तर सावकाश खपणाऱ्या पेयाची पेटी घेण्याआधी ती मुदतीत संपेल का, हे मोजावं. संगणकात साठा दिसतो आणि रॅकवर मात्र काही नसतं, हा घोळ फुटलेल्या किंवा हरवलेल्या नगांची नोंद न झाल्याने होतो. रोज खपणारी वस्तू दोन दिवस बिलात आली नाही, तर आम्ही रॅकपाशी जाऊन ती हाताने मोजतो. याशिवाय काउंटरवर एक वही असते. मागितलेली पण न मिळालेली वस्तू तिथल्या तिथे लिहायची, कारण बिलात न आलेली मागणी संगणकाला कळत नाही. पुढची मागणी पाठवण्याआधी ती वही उघडावीच लागते.