'ऱ्या' फुटला, 'दर्या' अडला: फोंड्याच्या स्कॅन-टेबलावरून

मंडळी, 'ऱ्या' फुटला! पूर्ण नाही, पण बराचसा.

जुनी छापील पुस्तकं स्कॅन करून त्यांची इपब, म्हणजे ईबुकं, करायचा माझा उद्योग तुम्हाला ठाऊक आहेच. मागच्या अपडेटमध्ये निळ्या कापडी बांधणीच्या प्रवासवर्णनापाशी गाडी अडली होती. स्कॅन स्वच्छ, स्कॅन टेलरमधून पानं सरळ होऊन आलेली, टेसरॅक्ट या ओसीआरनं (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं) मजकूरही ठीकठाक काढलेला, आणि तरी इपब वाचायला घेतलं की दर दोन ओळींनी दाताखाली खडा. खडा एकच: 'ऱ्या'.

पुस्तक झिजलेल्या खिळ्यांवर (छपाईच्या धातूच्या अक्षरांवर) छापलेलं, त्यात मागच्या बाजूची शाई पुढं उतरलेली. (पानामागं काळं कार्ड ठेवल्यावर ती बरीच दबली. ज्यांनी सुचवलं त्यांना दंडवत.) त्यामुळे 'ऱ्या'मधली ती बारीक कोर ओसीआरला कधी डॅश वाटते, कधी 'च'. एका पानावर 'दुस-या', पुढच्या पानावर 'दुसच्या', आणखी कुठं रफार चढवून 'दुसर्या'. डॅशबद्दल यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही. जालावर आपणच वर्षानुवर्षं 'दुस-या' असं टायपत आलोय.

डॅशवाले सिजिल या इपब-संपादकात एका रेजेक्सनं, म्हणजे शोधा-बदलाच्या नमुन्यानं, निघाले: अक्षर, डॅश, लगेच 'या' किंवा 'हा', मध्ये स्पेस नको. वऱ्हाड आणि बिऱ्हाडही त्याच फटक्यात मार्गी लागले. खरं दुखणं 'च्या'चं. तो तर वाक्यावाक्यात असतो. सरसकट बदलायला गेलं तर 'घराच्या'चं 'घराऱ्या' होणार. शुद्धलेखन तपासणाऱ्या हनस्पेलचा मराठी कोश लावून पाहिला, पण पुस्तक १९६२च्या लेखननियमांआधीचं. 'कांहीं', 'नांव', 'किनाऱ्यानें'. कोशानं अर्ध्या पुस्तकाला लाल रेघा मारल्या. अनुस्वार काढून टाक, असा सल्ला इथं दोघातिघांनी दिला होता. नाही काढणार. पानावर जे आहे तेच मला स्क्रीनवर हवंय, नाहीतर हा उपद्व्याप कशासाठी?

मग सुचलं, बाहेरचा कोश कशाला, पुस्तकच कोश! असले 'ऱ्या' येतात कुठून? 'रा' किंवा 'री'नं संपणाऱ्या शब्दांतून: किनारा-किनाऱ्यावर, वारा-वाऱ्यानें, भाकरी-भाकऱ्या, शेतकरी-शेतकऱ्याला. पायथनच्या छोट्या स्क्रिप्टला पुस्तकातले असे सगळे शब्द वेचायला लावले आणि त्यांची 'ऱ्या' रूपं बनवून घेतली. आता 'किनाच्यावर' दिसलं की स्क्रिप्ट दोनच गोष्टी विचारते: 'किनाऱ्या' यादीत आहे का? आणि 'किना' असा शब्द पुस्तकात कुठं आहे का? पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही, तर बदल. शेवटचे अनुस्वार तुलनेपुरते बाजूला ठेवायचे, मजकुरात त्यांना हात लावायचा नाही. टर्मिनलवर बदलांची यादी सरसरत वर जाताना बघणं म्हणजे काय सुख असतं ते तुम्हालाच कळेल. घरात कुणाला सांगून उपयोग नाही.

रफारवाल्यांसाठी मुद्दाम आधी सैल नियम (दिसेल तो 'र्या' बदलायचा) लावून बघितला. देवळातल्या संतर्पणाच्या, म्हणजे जेवणावळीच्या, प्रकरणात लगेच 'आचाऱ्यांनी पूर्णाहुति दिली' असं झालं, आचारी चुलीपासून उठून थेट यज्ञकुंडापाशी! तेव्हा सूर्य, कार्य, धैर्य, आचार्य अशा 'र्य'वाल्यांची वेगळी यादी केली. त्यांच्या रूपांना स्क्रिप्ट शिवत नाही. मर्यादा, पर्याय, चर्या हेही त्याच यादीत.

पण या लेखकाकडे आचारीही आहेत आणि आचार्यही. त्याहून वाईट म्हणजे गृहस्थ मुरगावहून निघतो आणि सह्याद्री चढतो, म्हणजे अर्ध्या पुस्तकात दर्या, अर्ध्यात दऱ्या. 'खालीं दऱ्यांत धुकें उतरलें होतें.' दर्यांत की दऱ्यांत? धुकं दोन्हीकडे उतरतं. इथं कुठलीही यादी चालत नाही, मूळ छापच बघावी लागते. टेसरॅक्टच्या एचओसीआर फाइलमध्ये प्रत्येक शब्दाचा चौकोन मिळतो, त्यावरून एवढे संशयित शब्द कापून एकाच पानावर मांडले. कोर शिरोरेषेच्या वर की खाली, नजर टाकली की कळतं. काही ठिकाणी मात्र खिळाच इतका फुटलाय की शाईचा ठिपका तेवढा उरलाय. आपल्या गोव्यात १६१६ साली राशोलला मराठी छापली ती रोमी अक्षरांत. असले ठिपके बघताना त्या छापखानेवाल्यांचा हेवा वाटतो.

हे सगळं करून इपब एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधून नेलं (नाव घेत नाही) आणि सगळे 'ऱ्या' पुन्हा रफार होऊन परतले! कारण सापडलं. मी साधा र, हलन्त आणि त्यापुढं झेडडब्ल्यूजे, म्हणजे तो न दिसणारा जोडक, असं लिहीत होतो. कन्व्हर्टरनं त्याला कचरा समजून झाडून टाकलं. युनिकोडमधला ०९३१ क्रमांकाचा नुक्त्याचा 'ऱ' घेऊन हलन्त दिला की झाडण्यासारखं अदृश्य काही उरतच नाही. आता सगळीकडे ०९३१, आणि रूपांतर घरीच कॅलिबर या ईबुक-सॉफ्टवेअरमध्ये.

फॉन्टचा निकाल लागला: टिरो देवनागरी मराठी. मराठी वळणाचा पाकळीचा ल, देठाचा श, तेही फाइलला भाषेचा टॅग लावायची खटपट न करता. कोबो ई-रीडरवर केओरीडर या वाचन-अॅपमध्ये टाकला आणि पहिलं पान उघडलं तेव्हा छापील पुस्तकाशेजारी ठेवून नुसता बघत बसलो.

कागदी की ई, हा वाद पावसाळ्यात गोव्यात बसून घालणं परवडत नाही. मिरग लागला की कपाटाला वास येतो, कापडी बांधणीवर पांढरी बुरशी धरते आणि कसर आतून जाळी पाडते. (सिलिका जेल रंग बदलणारंच घ्या. मला आलेलं पाकीट आधीच ओलं होतं, दुकानदार 'चालता रे' म्हणाला.) म्हणून मूळ प्रत हवाबंद डब्यात आणि वाचन पणजीच्या बसमध्ये कोबोवर. तरी मागचं पान चाळून 'तो धबधबा कुठं होता' हे शोधायला मला अजून कागदच लागतो. ईबुकातला शोध शब्द दाखवतो. पानाच्या डाव्या बाजूला, खालून तिसरी ओळ, ही आठवण त्याला नाही.

आणि समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी? कुणा जुन्या वाचकानं प्रत्येक घाटापाशी 'येथें पाणी आहे', 'खोटें!' असं लिहून ठेवलंय. त्या गाळणार होतो. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, इपब-३मध्ये पॉपअप तळटीप करता येते, केओरीडर ती दाखवतो. खुणेवर बोट ठेवलं की 'खोटें!' वर येईल. ठरलं, नोंदी आत. म्हणजे चवथीच्या आत संपवायचा बेत गेला.

यादीतल्या पुढच्या पुस्तकाची छपाई याहून भयंकर आहे. त्याला ओसीआर करतच नाही. केओरीडरचा रिफ्लो पानाच्या चित्रातूनच शब्द कापून ओळी नव्यानं लावतो, हळू चालतो, पण 'ऱ्या' तर छापलाय तसा राहील. लेखक जाऊन साठ वर्षं उलटलेलं, म्हणजे प्रताधिकार संपलेलं, कुठलं जुनं प्रवासवर्णन कुणी टाइप केलं असेल तर त्यातली रा-रीची शब्दयादी पाठवा. माझ्या स्क्रिप्टमध्ये अजून 'ऱ्हा'ची सोय नाही (डॅशवाले तेवढे सिजिलमध्ये निघाले). ती झाली की फाइल इथं टाकतो.