बिडाचा पूल आणि बिडाचा तवा
करमळीहून मडगावला ट्रेनने जाताना जुवारीचा पूल आला की आमचा ग्रुप खिडकीला चिकटतो, आणि मग कोणीतरी म्हणतोच की लोखंड ते लोखंड, त्यात काय एवढं. अरे बाबा, फरक आहे! घरातला बिडाचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचा, तवा बघ, डोसे वर्षानुवर्षं काढेल, पण फरशीवर आपटला तर वाकत नाही, सरळ तडकतो. बीड दाब मस्त घेतं, ताण आला की मात्र संपलं.

इंग्लंडात चेस्टरला डी नदीवर रॉबर्ट स्टीफन्सन या इंजिनिअरने १८४६ मध्ये बिडाच्या तुळयांचा रेल्वे पूल बांधला, एकेक गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ९८ फुटांचा, आणि जोडीला घडीव, म्हणजे ठोकून घडवलेल्या आणि ताण सोसणाऱ्या, लोखंडाच्या पट्ट्या. पुढे लाकडी भागाला इंजिनच्या ठिणग्यांनी आग लागू नये म्हणून वर खडी टाकली, म्हणजे वजन अजून वाढलं. त्याच दिवशी, २४ मे १८४७ ला, ट्रेन जाताना तुळई तुटली, ५ जण गेले. सरकारने चौकशी आयोग नेमला.

गंमत म्हणजे त्याच माणसाचा न्यूकॅसलचा टाइन नदीवरचा हाय लेव्हल ब्रिज १८४९ चा, तोही बिडाचाच, वर रेल्वे आणि खाली रस्ता, आणि आजही उभा. कारण तिथे बीड कमानीत आहे, दाबाखाली, आणि कमानीची दोन टोकं बाहेर सरकू नयेत म्हणून ताण घ्यायला घडीव लोखंड. माझ्या मते खरी हुशारी ही, नुसतं जाड लोखंड ओतणं नव्हे.