विकिपीडिया संपादनाची नोंद : नाणेघाटाचा मसुदा धूळपाटीवर

शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या करणे, अंतर्गत दुवे जोडणे, वर्ग लावणे ही कामे आता हातात बसली असल्याने मराठी विकिपीडियासाठी प्रथमच सलग मजकूर लिहावयास घेतला आहे : जुन्नरजवळच्या नाणेघाट या प्राचीन घाटवाटेतील सातवाहनकालीन शिलालेखांविषयीचा विभाग. तो सध्या माझ्या धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, आहे. तेथे वाक्ये अर्धवट राहिली किंवा एखादा साचा (तयार मांडणीचा तुकडा) मोडला तरी वाचकाची गैरसोय होत नाही.

सर्वाधिक वेळ गेला तो रांजणावर. घाटमाथ्यावरील दगडी रांजणात व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या जकातीची नाणी टाकत असत, हे जुन्नरच्या बाजूने तेथे गेलेल्या जवळपास प्रत्येक भटक्याने ऐकलेले असते. मात्र त्याला आधार म्हणून मला मिळाली ती भटकंतीची वर्णनेच, आणि तीही एकमेकांवरून उतरवून घेतल्यासारखी. लेखाच्या चर्चापानावर (संपादकांनी आपसात चर्चा करावयाच्या पानावर) विचारले असता एका अनुभवी सदस्याने सुचविले की, विधान गाळण्याऐवजी ‘अशी समजूत प्रचलित आहे’ असे लिहावे आणि ही समजूत नोंदविणारा एखादा छापील ग्रंथ संदर्भ म्हणून द्यावा. हा सल्ला मला पटला, कारण समजूत प्रचलित आहे ही गोष्टही वाचकाला कळली पाहिजे.

शिलालेखांच्या काळाचे तसे नाही. तेथे भक्कम स्रोत आहेत, पण त्यांच्यात एकमत नाही. १८८३ मध्ये या शिलालेखांचे वाचन प्रसिद्ध करणाऱ्या ब्यूलर या अभ्यासकांनी अक्षरवळणावरून ते इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील मानले, तर पुराभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी ते इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात आणले. मला स्वतःला सरकारांची मांडणी अधिक सयुक्तिक वाटते, परंतु नि:पक्षपाती दृष्टिकोनाच्या धोरणानुसार दोन्ही मते त्यांच्या कर्त्यांच्या नावांसह, आपला कौल न देता, मांडावी लागतात.

हे शिलालेख ज्या लिपीत आहेत ती प्राचीन ब्राह्मी लिपी मी हौसेने शिकत आहे. घाटातील लेण्यात असलेल्या सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमा नष्ट झाल्या असल्या तरी त्यांच्या वरची नावे शिल्लक आहेत, आणि त्यांपैकी ‘सिमुक सातवाहनो’ ही अक्षरे मला लावता आली, याचा आनंद मोठा होता. तरीही माझे वाचन हे मूळ संशोधन, म्हणजे कोठेही प्रकाशित न झालेला स्वतःचा निष्कर्ष, ठरत असल्याने त्याला लेखात जागा नाही. तेथे प्रकाशित वाचनच द्यावयाचे. माझे छायाचित्र मात्र चालते. ते मी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्स या चित्रांच्या सामायिक संग्रहावर चढविले आहे.

तांत्रिक बाजू त्या मानाने सोपी निघाली. संदर्भाला एकदा नाव दिले की तोच पुन्हा वापरता येतो, हे समजल्यावर तळटिपांची गर्दी पुष्कळ ओसरली. आधुनिक ग्रंथांतील परिच्छेद, स्रोत सांगूनही, जसेच्या तसे उचलता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक वाक्य नव्याने रचावे लागते आणि काम मंदावते.

आता प्रतिमांच्या नावांचा तक्ता आणि विकिडेटा या विकिपीडियाच्या सहप्रकल्पातील माहितीसंचावरील अक्षांश-रेखांश तपासणे बाकी आहे. त्यानंतर चर्चापानावर आगाऊ कल्पना देऊन हा विभाग मुख्य लेखात हलवीन, आणि कोणी काय बदलले हे पाहता यावे म्हणून लेख माझ्या निरीक्षणसूचीत (लक्ष ठेवावयाच्या पानांच्या यादीत) ठेवीन. रांजणाविषयी जुना छापील उल्लेख कोणाच्या पाहण्यात असल्यास पृष्ठक्रमांकासह अवश्य कळवावा.