तुम्ही विचारलंत म्हणून : जांभळी भुकटी आणि तांबडा गाळ

रंग बदलणाऱ्या संयुगांवर उमेदीची वर्षे घालवल्यावर मी खाणीच्या गाळाकडे कशी वळले, असे विद्यार्थी विचारतात, तसे डिचोलीकडचे नातेवाईकही विचारतात. खरे तर मी लोह सोडून कुठेच गेले नाही.

लोह आणि ट्रायझोल (नायट्रोजन असलेले एक सेंद्रिय संयुग) यांची एक जांभळट भुकटी मी पहिल्यांदा तापवली, तेव्हा १०० अंशांच्या थोडे पुढे ती पांढरी पडली आणि निवताना ७० च्या आसपास येईपर्यंत पांढरीच राहिली. म्हणजे ९० अंशांना तिचा रंग कोणता, हे ती तापत आली आहे की निवत, यावर ठरते. आत घडते ते असे, की लोहाच्या अणूतील बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या तीन जोड्यांपैकी दोन फुटतात आणि भोवतीचे सहा नायट्रोजन सुमारे ०.२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग) दूर सरकतात. शेजारी कोण आणि किती जवळ, याला लोहापाशी एवढे महत्त्व आहे. रसायनशास्त्रज्ञ कांबी यांना १९३१ साली इटलीत असे वर्तन लोहाच्या डायथायोकार्बामेट या गंधकयुक्त संयुगांत आढळले. हीच डायथायोकार्बामेटे सल्फाइड खनिजे दगडमातीतून वेगळी काढताना फेसावर तरंगवण्यासाठीही वापरतात, हे मला फार उशिरा कळले आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

गोव्यातील खाणी २०१२ साली थांबल्या, पण खनिज धुतलेल्या पाण्याचा गाळ तळ्यांत तसाच राहिला. माझ्या आजोळच्या शेतात एका पावसाळ्यात असा गाळ शिरला होता. तो सुकून त्याचे तांबडे पापुद्रे झाले आणि त्यांखालचा तरवा वर आलाच नाही. त्या गाळात हेमॅटाइट हे लोहाचे खनिज पुष्कळ असते, परंतु ते चिकणमातीत इतके बारीक मिसळलेले असते, की नुसत्या धुण्याने सुटत नाही. म्हणून आम्ही आधी सोडियम सिलिकेट घालून सारे कण सुटे करतो आणि मग कॉस्टिक सोड्यात पेजेसारखा शिजवलेला स्टार्च थेंबथेंब सोडतो. स्टार्च हेमॅटाइटच्या कणांच्या पृष्ठभागावरच्या लोहाला धरतो, त्या कणांचे पुंजके होऊन ते खाली बसतात आणि माती पाण्यात तरंगत राहते. मिशिगनच्या टिल्डन खाणीत १९७४ पासून याच तत्त्वावर काम चालते. आमच्याकडची चिकणमाती मात्र स्टार्चलाही धरून ठेवते, आणि माझे सध्याचे सारे काम तिथेच अडले आहे.

काल संध्याकाळी ठेवलेल्या उभ्या नळीत आज सकाळी दोन बोटे तांबडा थर बसला होता. वरचे पाणी अजून गढूळ आहे. त्यात लोह किती उरले, ते दुपारी मोजायचे आहे.