गोव्यात ऊन भरपूर, तरी ड जीवनसत्त्व कमी का?

पणजीतल्या ऑफिसात काचेला लागून बसलात तरी उपयोग नाही. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे यूव्ही-बी किरण काच अडवते. सकाळी सातचं कोवळं ऊन छान वाटतं, पण त्यातही ते नगण्यच. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हाचं, म्हणजे साधारण अकरा ते दोनचं ऊन कामाचं. हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं पुरतात, सावळ्या त्वचेला जास्त लागतात. जून ते सप्टेंबर पावसाळी ढगांमुळे तेही बेभरवशाचं.

रोगप्रतिकारशक्तीशी संबंध असा: पांढऱ्या पेशी हे जीवनसत्त्व वापरून कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवतात. म्हणून पातळी चांगली असलेल्याने गोळ्या खाल्ल्या की सर्दी टळते, असं मात्र नाही.

चाचणी '२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी'ची करायची. रक्ताच्या दर मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता. डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. घोळ इथेच होतो: लोक ती रोज घेतात! मग रक्तात कॅल्शियम वाढतं. मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, पुढे मूत्रपिंडाला इजा. मुतखडा झालेल्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

पुडी उपाशीपोटी नको. हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळतं, तेव्हा दुपारच्या शीतकडी (भात-कालवण)-बांगड्याच्या जेवणानंतर घ्या. बांगडे, तारले यांतूनही थोडं मिळतंच. फेरतपासणी तीन महिन्यांनी. त्याआधी केलेली वाया जाते.